बावटा वर होता त्या दिवशी

प्रज्ञाचे बाबा,

काल तुमचा जलदानविधी झाला. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल दोन शब्द बोलला. तुमचे मोठे भाऊ म्हणाले, "आमचा धाकला जहाजावर होता. देशोदेशी फिरला." मंडपातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही असता तर तिथल्या तिथे उठून म्हणाला असता, "जहाज नाई दादा, फेरीबोट. ह्या काठाहून त्या काठाले, आन परत." कुठले देशोदेशी? आयुष्यभर तुम्ही एकच खाडी ओलांडत राहिलात. पण मी उठले नाही. पांढरं लुगडं नेसून खाली मान घालून बसले होते आणि मला वाटत होतं, माझा माणूस कोण होता हे या अख्ख्या अकोल्यात कोणाला माहीत नाही.

मलाही किती माहीत होतं म्हणा.

लग्न झालं तेव्हा तुम्ही आयटीआय करून तेल्हारा रोडवरच्या गॅरेजात ट्रकांची इंजिनं खोलत होता. मी तेल्हारा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकती लागले होते. तुमच्या उस्तादाला कोकणातून बोलावणं आलं, तिथल्या एका फेरीबोटीचं इंजीन दुरुस्त होईना. उस्ताद म्हणाले, चाल माझ्यासंगं. तुम्ही गेलात. इंजीन चालू झालं, उस्ताद परत आले आणि तुम्ही तिथेच राहिलात. फोनवर मला म्हणालात, "थोडे दिवस राह्यतो वं, पाहून घेतो." मोर्णेत गुडघाभर पाण्यात म्हशी धुणारा माणूस, पोहताही येत नव्हतं धड. मला वाटलं, पहिल्या पावसात पळून येईल.

तुम्ही आला नाहीत. आधी इंजिनावर राहिलात, मग जुन्या सारंगाच्या हाताखाली सुकाणू धरायला शिकलात, परीक्षा दिलीत आणि एक दिवस तुम्हीच सारंग झालात. बोटीचं सुकाणू ज्याच्या हाती तो सारंग, हे मला शाळेतल्या बायांना दर वेळी समजावून सांगावं लागे. त्या विचारत, "मग ड्रायव्हरच ना?" मी म्हणे, हाव, ड्रायव्हरच.

दिवाळीला, नाताळात, मे महिन्यात पर्यटकांची गर्दी, म्हणून तेव्हा तुम्हाला रजा नाही. गर्दी ओसरली की पावसाळ्यात मिळायची. म्हणजे आपला संसार पोळ्याच्या आगेमागे काही दिवसांचा. तुम्ही यायचात ते सुकी मासळी घेऊन, तिचा वास आळीत आधी पोहोचायचा आणि तुम्ही नंतर. प्रज्ञा लहान असताना तुम्हाला बघून माझ्या मागे लपायची. तुम्ही हसायचात. मला ते हसू आवडत नसे.

त्या एका उन्हाळ्यात मी तिला घेऊन तुमच्याकडे आले, ते बरं झालं. नाहीतर आज माझ्याजवळ काय असतं?

तुम्ही वर केबिनमध्ये उभे होता. खाली जेटीच्या उतारावर बोटीने आपला लोखंडी रॅम्प टेकवला आणि आधी माणसं, मग मोटरसायकली, मग चारचाकी अशा आत यायला लागल्या. गाड्या उलट्या चढवायच्या, म्हणजे पलीकडे सरळ उतरतात. मुंबईपुण्याच्या गाडीवाल्यांना ते जमेना. तुम्ही कर्ण्यावरून ओरडत होता, "ओ पांढरी गाडी, मांगं घ्या, अजून मांगं. आरशात नोका पाहू, माह्या माणसाच्या हाताकडे पाहा!" खालचा खलाशी अन्वर तुमची नक्कल करत होता, "मांगं घ्या, मांगं घ्या." कोळणी टोपल्यांवर हात ठेवून हसत होत्या. ते लोक तुम्हाला वऱ्हाडी सारंग म्हणायचे. त्या खेपेत आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो होता, शाळेतल्या मास्तरीणबाई होत्या, आणि एका जीपमध्ये हळद लागलेली नवरी होती. तिने खिडकीतून हात काढून पाण्याला कुंकू वाहिलं. प्रज्ञाला तुम्ही भोंगा वाजवू दिलात. तिने तो इतका वेळ दाबला की पलीकडच्या जेटीवरचे लोक उठून उभे राहिले.

संध्याकाळी जेटीच्या पायऱ्यांवर बसून मी तुम्हाला विचारलं होतं, "काहून नाई येत तुमी परत? अकोल्यात काय गॅरेजं नाईत?"

तुम्ही पलीकडच्या जेटीकडे हात केलात. मग म्हणालात, "अकोल्यात मी कोनाचा कोन, कोन्या आळीचा, हे आधी विचारते वं. मंग गाडी दाखवते. अथी तसं नाई. मी येईपर्यंत समदे थांबून राह्यते. सरपंच थांबते, भटजी थांबते, साहेब थांबते. मी भोंगा देल्याबिगर कोनी हालत नाई."

पण गप्प बसणाऱ्यांतली मी नाही. म्हणाले, "आन मी? मी बी थांबूनच आहे ना तथी." तुम्ही म्हणालात, "तुह्यासाठी येईन. प्रज्ञाचं शिक्षण होऊ दे." हा वाद आपण प्रत्येक पोळ्याला उकरून काढला. तो कधीच संपला नाही. प्रज्ञा शिकली, नर्स झाली, अमरावतीच्या दवाखान्यात लागली, तरी तुम्ही म्हणत होता, येईन.

मग तुम्ही आलात. असे यायला नको होतात.

त्या दिवसाबद्दल तुम्ही मला एका दमात कधीच सांगितलं नाही. थोडं फोनवर, थोडं इथे आल्यावर, जेवता जेवता हात थांबवून. उरलेलं अन्वरने सांगितलं. मी ते सगळं जोडून घेतलं आहे आणि आज एकदा तुमच्यासमोर मांडते. चुकलं तर सांगायला तुम्ही नाही.

आषाढातली दुपार होती. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला होता, म्हणजे पाणी धोक्याचं, बोटी बंद. तुमची बोट दुहेरी दोरांनी जेटीला बांधलेली. खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी बाहेर जात होतं, वारा समुद्राकडून आत येत होता आणि दोन्ही जिथे भिडत होते तिथे वाळूच्या दांड्यावर लाट उभी राहून फुटत होती. त्या लाटांना लागूनच तुमची वाट जायची.

अशात अँब्युलन्स आली. आत एक बाळंतीण होती. अलीकडच्या आरोग्य केंद्रात सकाळी मूल झालं होतं, पण रक्त थांबत नव्हतं. मोठा दवाखाना खाडीपलीकडे. रस्त्याने जायचं तर अख्खी खाडी वळसा घालून, घाट चढून-उतरून, निम्मा दिवस. बोटीने अगदी समोर. जेटीवरून त्या गावाची घरं दिसत होती.

मुलीचे वडील खाली उतरले. छत्री नव्हती. त्यांनी तुम्हाला ओळखलं, रोजचेच होते. म्हणाले, "दादा, तेवढं पलीकडे सोडा."

तुम्ही म्हणालात, "बावटा आहे काका."

"बावटा रोजच्यांसाठी. ही माझी मुलगी हाय."

तुम्ही बोटीच्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, सारंग तू आहेस, तू ठरव. तुम्ही केबिनवर चढलात आणि मुखाकडे पाहत उभे राहिलात. अन्वरने सांगितलं, "वैनी, मी म्हटलं जाऊया. दोर सोडायला मी तयार होतो. पण मी खलाशी. लाट मला दिसत होती, तिच्यामागची दिसत नव्हती. त्यांना दिसत होती."

मला हे तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात ताट घेऊन समजावलं होतं. ताटावर पाण्याचा पेला ठेवलात आणि म्हणालात, "बोटीचं बूड असं सपाट असते. आता तू ताट एका बाजूनं उचल." मी थोडंसं उचललं. पेला घसरला, कलंडला, पाणी माझ्या पायावर आलं. "ते म्हणजे अँब्युलन्स," तुम्ही म्हणालात. "आत बाळंतीण, तिची माय, नर्स, ड्रायव्हर. आन बाळ."

तुम्ही खाली उतरून त्या वडिलांना सांगितलं, नाही जमणार. ते तुमच्या पाया पडले. तुम्ही त्यांना उठवायला वाकलात, तर त्यांनी तुमचे दोन्ही हात धरून ठेवले. मग ड्रायव्हरने हाक मारली, काका, वेळ जातोय. त्यांनी हात सोडले. अँब्युलन्स उतारावर फिरली आणि रस्त्याने गेली.

घाट उतरायच्या आधीच ती पोर गेली. बाळ वाचलं. मुलगी होती.

गावात बोभाटा झाला. कोणी म्हणालं, बाहेरगावचा माणूस, त्याला काय पडलंय. कोणी केबिनच्या काचेवर दगड मारला. हे तुम्ही सोसलं असतं, मला माहीत आहे. जे सोसवलं नाही ते वेगळंच होतं. बावटा उतरला, फेऱ्या सुरू झाल्या आणि एक दिवस ते वडील बोटीवर आले. छातीशी बाळ, अंगडं-टोपडं घातलेलं. पलीकडच्या दवाखान्यात त्याला लस द्यायची, औषध आणायचं. अन्वर म्हणाला, तिकीट काढून ते नेमके केबिनखाली, रेलिंगला टेकून उभे राहिले. वर पाहिलं नाही. पलीकडे उतरले. दुपारी तसेच परत आले. नंतर पुन्हा. मग वरचेवर. बाळ वाढत होतं आणि तुम्ही काचेतून ते वाढताना पाहत होता. एकदा तुम्ही फोनवर मला म्हणालात, "आज तिनं मान धरली." कोणी, असं मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

मी म्हणाले, "बोला ना त्याह्यच्यासंगं. दोन शब्द बोला."

"काय बोलू?"



ती बसायला लागली, तेव्हा तुम्ही काम सोडलंत. आपण जन्मभर ज्यावर भांडलो ते असं झालं. तुम्ही घरी आलात. मी स्टेशनवर घ्यायला आले होते. तुमच्या हातात एक बॅग होती आणि चेहरा असा की मला माझं जिंकणं नको झालं.

जुन्या शहरातल्या आपल्या घरात तुम्ही खुर्ची टाकून दारात बसायला लागलात. लोक यायचे, विचारायचे, समुद्र कसा असते हो? तुम्ही म्हणायचात, मोठा असते. एकदा मी शाळेतून आले तर शेजारचा माणूस तुम्हाला सांगत होता की मोर्णेवरच्या पुलावर किती गाड्या अडकून राहिल्या आहेत, आणि तुम्ही एकदम चप्पल घालून उठलात, पुलापर्यंत गेलात. परत आलात तेव्हा तुमचा शर्ट घामाने भिजला होता. "एक अँब्युलन्स होती मधात," इतकंच म्हणालात. "निघाली. काढून देल्ली."

प्रज्ञा सुट्टीवर आली त्या रविवारी तुम्ही तिला जवळ बसवून घेतलंत. मी भाकरी थापत होते. तुम्ही विचारलंत, "बेटा, तू रोज पाह्यतं बाळंतिणी. मले खरं सांग. ती वेळेवर पोचली असती तर वाचली असती का?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी नको म्हटलं. पण ती तुमची लेक. म्हणाली, "रक्त चढवलं असतं, गर्भपिशवी आवळायची औषधं देल्ली असती. बहुतेक वाचली असती बाबा." आणि लगेच तुमचा हात धरून म्हणाली, "पण बोट पोचली असती का, हे मले नाई सांगता येत. ते तुमालेच माहीत आहे. पोचली असती का?"

तुम्ही तिचा हात हळूच बाजूला केलात आणि बाहेर खुर्चीवर जाऊन बसलात. प्रज्ञा माझ्याजवळ येऊन रडली. म्हणाली, "आई, खोटं बोलाले पाह्यजे होतं का वं मी?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. काल मंडपात ती तुमच्या फोटोसमोर बसली होती, तिचे ओठ हलत होते. मला वाटलं वंदना म्हणते आहे. जवळ गेले तर ती पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, "पोचली असती का, बाबा?"

मी मात्र तुमच्याशी भांडत राहिले. म्हणत राहिले, "तुमी बरोबर होते." तुम्हाला ते वाक्य विषासारखं लागायचं.

"बरोबर म्हनू नोको. बरोबर असतो तर ती मेली कशी?"

"आन बोट पलटली असती तर? ते बाळ तरी जित्तं आहे ना?"

"मायबिगर."

"पन जित्तं आहे!"

"जाऊन त्याले सांग मंग," तुम्ही ओरडलात. एवढ्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा ओरडलात. आणि मग आवाज अगदी खाली आणून म्हणालात, "पलटली असती तर मी तरी सुटलो असतो." मी हातातलं भांडं ठेवलं आणि तुमच्यासमोर जमिनीवर बसले. चूल विझली. त्या दिवसानंतर मी तुम्हाला बरोबर म्हटलं नाही, चूकही म्हटलं नाही. भांडणही सरलं. भांडण होतं तोवर तुम्ही थोडे तरी माझ्याजवळ होता.

पुढे काही वर्षांनी तुमच्या छातीत दुखायला लागलं. अमरावतीला नेलं, प्रज्ञाने सगळ्या तपासण्या करवल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाकडे जाणाऱ्या नळ्या बंद झाल्यात, ऑपरेशन करा, माणूस बरा होतो. तुम्ही म्हणालात, "पाहू." प्रज्ञा रडली, तुमचे भाऊ रागावले, मी पाया पडले. होय, मी तुमच्या पाया पडले. तुम्ही मला उठवायला वाकलात आणि तुमचा चेहरा असा झाला की मला तत्क्षणी कळलं, मी काय करून बसले आहे. तुम्हाला ती जेटी दिसली होती. तुम्ही म्हणालात, "उठ. पाहू म्हनलं ना." पण पाहिलं नाहीत.

मला हे कोणी समजावून सांगावं. ऑपरेशनची भीती होती तुम्हाला, की दुसऱ्या कोणाला वेळेवर दवाखाना मिळाला नाही म्हणून तुम्हालाही नको होता? तुम्ही शिक्षा घेत होता का? आणि घेत होता तर ती मला काहून देत होता? मी त्या बाळंतिणीला पाहिलंही नव्हतं हो. मी तर तुमचीच वाट पाहत होते, आधी कोकणातून यायची, मग त्या खुर्चीवरून आत यायची.

मी शाळेत असताना तुम्ही गेलात. दुपारी, दारातच. शेजारच्या बाईने फोन केला. मी वर्गात पोरांना गणित सांगत होते, खडू हातात तसाच घेऊन मी बसमध्ये बसले. तेल्हाऱ्याहून अकोला कधी एवढं लांब नव्हतं.

भन्तेजी काल म्हणाले, सगळं अनित्य आहे. मी ते वाक्य लहानपणापासून ऐकते. काल पहिल्यांदा मला त्याचा राग आला. तुमचं दुःख तर अनित्य नव्हतं. ते शेवटपर्यंत टिकलं.

हे सगळं लिहायचं कारण सांगते. आज सकाळी फोन आला. अन्वरने नंबर दिला होता त्यांना. आवाज म्हातारा, थकलेला. म्हणाले, "वैनी, मी तो त्या दिवशीचा. अँब्युलन्सवाल्या मुलीचा बाप." मला वाटलं, हा माणूस आता शिव्या देईल, आणि देऊ दे.

ते म्हणाले, "आता पूल झालाय, बोट बंद झाली. अन्वर भेटला, त्यानं सांगितलं दादा गेले. मला तुमच्याशी खोटं नाय बोलायचं. मी त्यांना दोष दिला. घरी बसून रोज दिला. पण ते पाणी मीपण बघितलं होतं त्या दिवशी. मी त्याच गावचा. मला ठाऊक होतं."

मी म्हणाले, "मग तुम्ही बोटीवर कधी बोलला का नाहीत?"

"त्याचसाठी उभा राहायचो केबिनखाली. म्हणायचो, आज जिना चढतो. पाय उचलत नव्हता. वाटायचं, तेच उतरतील खाली."

तुम्ही वर, ते खाली, मधे चार पायऱ्यांचा लोखंडी जिना. मी चढले आहे तो. प्रज्ञा त्यावर धावत चढायची.

मग त्यांनी विचारलं, "वैनी, एक विचारू? त्यांना झोप लागायची का?"

मला खोटं बोलता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाला तेवढं बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "नाही लागायची."

त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग मागून एका लहान मुलीचा आवाज आला, "आजोबा, कोण हाय?" ते तिला म्हणाले, "बोटीवरच्या दादांच्या घरची माणसं." ती म्हणाली, "मी बोलू?"

त्यांनी तिला नाही म्हटलं नाही, होही म्हटलं नाही. फोन तिच्या हातात गेला असावा, कारण आता श्वास लहान येत होता. ती काही बोलली नाही. आम्ही दोघींनी फोन बराच वेळ कानाला लावून ठेवला.